पोर्तेसिनेचा तीन नंबर

जोएले बेर्ताल्या आईशी खोटं बोलायला लागला तो जेवणावरून. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, “जेवलास का?” तो सांगायचा, “हो, पोरांबरोबर जेवलो.”

पोरं कुठली आलीत! व्हालमोराच्या रग्बी संघात बहुतेक सगळे तिशीला टेकलेले, बायकापोरांचे धनी. सराव संपला की ओल्या केसांनीच गाड्यांत बसायचे आणि घरोघर पांगायचे. कुणी सुतार, कुणी शाळामास्तर, कुणी सासऱ्याच्या दुकानात. जाताना “चाओ, पोरा” एवढं म्हणायचे. नावानं हाक मारायची गरज कुणाला पडली नव्हती. जोएले मग चढण चढून घरमालकीण सिन्योरा इर्माच्या घरी यायचा, भांडंभर पास्ता उकडायचा आणि एकच भांडं घासावं लागावं म्हणून शेगडीपाशी उभ्या उभ्या त्यातूनच खायचा. सिन्योरा इर्मा पलीकडच्या खोलीत टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेला मोठमोठ्यानं चुकीची उत्तरं देत असे.

“बेर्ताल्या,” ती तिथूनच ओरडायची, “तुम्ही जिना चढता तेव्हा माझ्या कपाटातल्या बशा हलतात हो!”

“सावकाश चढेन, सिन्योरा.”

“सावकाश नको. हलके चढा.”

हलकं चढणं त्याच्या हातात नव्हतं. एकोणीस वर्षांचा पोरगा, पण दारातून जाताना खांदा तिरका करावा लागे. पाठीवर तीन नंबर घालणारा प्रॉप असाच लागतो. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांत डोकी अडकवून रेटतात, तेव्हा मागच्यांचा सगळा जोर ज्याच्या मानेतून पुढे जातो, तो हा तीन नंबर. पळण्यात त्याचं नाव होत नाही, गुण मिळवण्यात तर नाहीच. त्याचं काम एकच, मागे सरकायचं नाही. आणि ते काम पंचविशीच्या आत कुणाला जमत नाही असं सगळे म्हणतात. म्हणून हंगामभर रविवारमागून रविवार जोएले संघाचा ट्रॅकसूट घालून बाकावर बसून राहिला. बाकावरून मैदानात जायची वेळ काही आली नाही.

हे सगळं आईला माहीत होतं. जेवणाचं तेवढं माहीत नव्हतं. निदान त्याला तसं वाटायचं.

त्याचं गाव पोर्तेसिने, पो नदी समुद्राला मिळते तिथे, चिखल आणि बोरूच्या बेटांमध्ये. आई, नादिया, तिथल्या सहकारी संस्थेत शिंपल्या निवडायची. गावाचा संघ छोटा, पण रग्बीवर जीव टाकणारा. आणि त्या गावात जोएलेला प्रॉप केला तो लोरिस फिनोत्तीनं.

लोरिस एक नंबरचा प्रॉप, स्क्रममध्ये समोरच्या संघाच्या तीन नंबरला भिडणारा. वय छत्तिशीच्या पुढे, धंदा शिंपल्या काढण्याचा. क्लबकडे स्क्रमचं यंत्र घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्यानं ओहोटीच्या वेळी आपली होडी चिखलात उभी केली, जोएलेला तिच्या नाकाडाला खांदा लावायला सांगितला आणि दुसऱ्या बाजूनं स्वतः रेटायला लागला. मधे होडी, दोन्हीकडे माणसं, आणि पाय पोटरीपर्यंत चिखलात. “पाठ सरळ! अरे, पाठ सरळ! तुझ्या पाठीवर दारूचा पेला ठेवला तर सांडता कामा नये!” दोन हिवाळे हे चाललं. तिसऱ्या हिवाळ्यात जोएलेनं पहिल्यांदा होडी लोरिसच्या दिशेनं सरकवली. तेव्हा लोरिस चिखलात बसकण मारून इतका हसला की वरच्या बांधावरून जाणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या.

व्हालमोराचं बोलावणं आलं तेव्हा लोरिस म्हणाला, “जा.” एवढंच. त्यानंतर त्याचा फोन नाही की निरोप नाही. जोएलेनं दोनदा केला, तर उचलला नाही. आई म्हणायची, “अरे, होडीवर असतो तो. हात ओले असतात.” जोएलेला ते पटायचं नाही. ओले हात संध्याकाळपर्यंत वाळतात.

मे महिन्यात हंगामाचा शेवटचा सामना आला, तोच नेमका पोर्तेसिनेशी, व्हालमोराच्या मैदानावर. दोन्ही संघ गुणतक्त्याच्या तळाशी. जो हरेल तो खालच्या विभागात जाणार. व्हालमोराला खाली जाणं म्हणजे पगार निम्मे. पोर्तेसिनेला म्हणजे आणखी वाईट, कारण तिथे रविवारी करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

पोर्तेसिनेच्या खेळाडूंच्या बसमधून, गावच्या बायकांबरोबर आई आली. बसमधून उतरून ती त्याच्याजवळ आली, त्याच्या दंडाला हात लावून चाचपला आणि म्हणाली, “बारीक झालास.”

“आई, दोन किलो वाढलोय.”

“ते मला नको सांगू. डोळ्यांखाली बघ.” मग इकडेतिकडे बघून हळूच, “मी कुठे बसू? तुझ्या बाजूला बसले तर आपली माणसं काय म्हणतील?”

“त्यांच्यातच बस.”

ती त्यांच्यातच बसली, पर्स गुडघ्यांवर घट्ट धरून. स्क्रम लागला की ती डोळे मिटून घ्यायची आणि शिट्टी वाजली की उघडायची, ही तिची जुनी सवय. लोरिस बसमधून सगळ्यांत शेवटी उतरला. जोएलेकडे बघून त्यानं हनुवटी जराशी वर केली आणि कपडे बदलायला निघून गेला.

सामना संपायला पाव तास राहिला असताना व्हालमोराच्या तीन नंबरचा खांदा निखळला. प्रशिक्षकानं मागे वळून न बघताच बोटानं खूण केली. जोएले उठला. हंगामभर ज्या क्षणाची वाट बघितली तो आला, तेव्हा त्याला एवढंच जाणवलं की आपण दात घासलेले नाहीत.

पहिला स्क्रम. वाकला, पुढे झाला, गालाला गाल घासला. ती दाढी, तो खारट, डिझेलचा वास. कानाशी गावच्या बोलीत आवाज आला, “काय रे, जेवलास का?”

जोएलेला हसू आलं, आणि त्या हसण्यातच छातीतला दम गेला. लोरिस खालून असा काही वर आला की जोएलेचे पाय जमीन सोडायला लागले. शिट्टी. चूक व्हालमोराची.

“तिकडे काय शिकवतात तुला? सायकल चालवायला?” लोरिस उठता उठता म्हणाला, पण हात देऊन त्यालाही उठवलं.

दुसऱ्या स्क्रमला तेच. तिसऱ्याला जोएलेनं पाठ सरळ धरली, जरा वेळ टिकला, पण लोरिस तिरका आत घुसला आणि सगळा डोलारा खाली आला. व्हालमोरा दोन गुणांनी पुढे होता आणि आता आपल्याच रेषेपासून पाच पावलांवर येऊन ठेपला होता. पंचानं कर्णधाराला बोलावून बजावलं, पुढचा स्क्रम पडला तर पोर्तेसिनेला सरळ ट्राय, म्हणजे सात गुण, बहाल करीन.

कर्णधार कोराडो परत आला. दाढीत रक्त सुकलेलं. त्यानं जोएलेच्या मानेभोवती हात टाकला, तोंडासमोर तळवा धरला.

“जोएले,” तो म्हणाला. हंगामात पहिल्यांदा त्यानं नाव घेतलं. “जोएले, ऐक. आपल्याकडे आता दुसरा तीन नंबर नाही. तू बाहेर गेलास तर पंचाला रेटारेटीचा स्क्रम थांबवावा लागेल. नुसतं डोकी लावून उभं राहायचं, चेंडू टाकायचा, संपलं. आपला एक माणूस कमी होईल, होऊ दे. कळलं?”

“मी बाहेर कसा जाऊ?”

“अरे बाबा, गुडघा धर. खाली पड आणि गुडघा धर. माणूस पडलेला दिसला की पंच ट्राय देत नाही, आधी खेळ थांबवतो. सगळे करतात. माझ्या लग्नाच्या आदल्या रविवारी मी केलंय.”

जोएलेनं समोर पाहिलं. लोरिस कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा होता, मिशा ओल्या. त्याच्या मागे उंचावर पोर्तेसिनेची माणसं बसलेली, त्यांत आईचा निळा कोट. नाही म्हणावं असं जोएलेच्या मनात आलं, ओठांपर्यंतही आलं. पण कोराडोचा हात अजून मानेवर होता, जड आणि ऊबदार. इतक्या महिन्यांत त्याला असा हात कुणी लावला नव्हता.

स्क्रम लागला. लोरिसनं जोर लावला. जोएले खाली गेला आणि उठला नाही.

गुडघ्याला काहीच झालं नव्हतं. मान मात्र खरंच दुखत होती. साधीच, सगळ्या प्रॉपांची दुखते तशी. त्यानं मानेला हात लावला. तेवढंच खोटं कमी, असं काहीतरी त्याच्या डोक्यात आलं असावं.

ते चुकलं. गुडघा धरून पडलेल्या माणसाला दोघं खांदा देऊन बाहेर नेतात आणि खेळ सुरू होतो. पण स्क्रममधून तीन नंबर मान धरून उठत नाही म्हटल्यावर मैदानातली सगळी माणसं जागच्या जागी थांबली, पंचानंही ट्राय न देता खेळ थांबवला. डॉक्टर धावत आला. “हलू नकोस! अजिबात हलू नकोस. बोटं हलव. हाताला मुंग्या येतायत का?”

“थोड्या,” जोएले म्हणाला. नाही म्हणण्याची वेळ निघून गेली होती.

डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठोकळे आले, गळ्याला पट्टा आला, त्याला फळीवर सरकवून आवळून बांधलं. आता नुसतं आभाळ दिसत होतं. त्या आभाळात लोरिसचं तोंड आलं. चिखलानं माखलेलं, आणि त्या चिखलात डोळ्यांखालून दोन स्वच्छ रेघा.

“मी तिरका घुसलो,” तो म्हणाला. “मला माहीत होतं, तू पोर आहेस, पाठीत अजून ताकद नाही, आणि मी तिरका घुसलो. जोएले, माझ्याकडे बघ. पाय हलतायत?”

“लोरिस…”

“बोलू नको. बोलू नको रे माझ्या राजा.”

कोराडो मागे उभा होता. तो जमिनीकडे बघत होता.

रुग्णवाहिका रेषेजवळच उभी होती. आई आत चढली, बुटांसकट, पर्सशिवाय. पर्स तिकडेच कुठेतरी पडली होती. ती त्याच्या पायाचा अंगठा मोज्यावरून धरून बसली, तान्ह्या मुलाचा धरतात तसा, आणि मधून मधून दाबायची. तो हलवायचा. ती पुन्हा दाबायची. दार लागायच्या आत लांबलचक शिट्टी ऐकू आली. सामना संपला. कोण जिंकलं ते ओरडण्यावरून कळेल म्हणून जोएलेनं कान दिले. पण कुणीच ओरडलं नाही. दोन्हीकडची माणसं नुसत्या टाळ्या वाजवत होती, गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत. त्या टाळ्या त्याच्यासाठी होत्या.

दवाखान्यात एक्स-रे काढला, मग दुसऱ्या यंत्रात घातलं. तरुण डॉक्टरीण आली, पट्टा सोडवला, म्हणाली, “काहीच नाही. मान बैलाची आहे तुमची. मुंग्या येतायत अजून?”

“नाही.”

“कधी कधी घाबरल्यानं येतात.” आणि ती गेली.

आईनं भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाली, “आता मी थोडी रडते. तू माझ्याकडे बघू नको.”

तेवढ्यात लोरिस आला. अंगावर तीच चिखलाची चड्डी, पायात कुणाच्या तरी चपला. दारातच उभा राहिला.

“काही नाही, लोरिस,” आई पटकन म्हणाली. “सगळं ठीक आहे म्हणाले.”

लोरिस खुर्चीवर बसला. खुर्ची करकरली. आपले दोन्ही हात त्यानं मांड्यांवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. “येताना ठरवलं,” तो म्हणाला. “आता नाही खेळायचं. क्लबच्या पोरांनाही शिकवायचं नाही. नादिया, तू कधी सांगितलंस तर मी तुझ्या घरावरून जाणारसुद्धा नाही.”

“वेडा आहेस का?”

“तुला माहीत नाही. ते अंगात येतं. समोर कोण आहे ते दिसेनासं होतं. याच्यासारखं पोर, ज्याला मी स्वतः…” त्याला पुढे बोलता येईना.

जोएले पलंगावर बसला होता, पाय खाली सोडून. न सांगता चालण्यासारखं होतं. कोराडो कुणाला सांगणार नव्हता. पुढच्या वर्षाचा करार होता, कदाचित आता नावानं हाकही मारतील. आणि लोरिस हात उलटे ठेवून बसला होता.

“माझ्या मानेला काही झालं नव्हतं,” जोएले म्हणाला.

“हो, देवाची कृपा.”

“तसं नाही. मैदानातही काही झालं नव्हतं. तू काही केलं नाहीस. मला गुडघा धर म्हणून सांगितलं होतं. मी मान धरली.”

आईनं डोळे उघडले.

लोरिस उठला. जवळ येऊन त्यानं अंगठ्यानं जोएलेची मान दाबली, कानामागे, मग खाली, मग मणक्याशी. “इथे?”

“नाही.”

“इथे?”

“नाही.”

“खरं सांग.”

“खरंच सांगतोय.”

लोरिसनं छातीतला सगळा श्वास बाहेर सोडला. त्याचा चेहरा एकदम सैल पडला, हसेल असं वाटलं. क्षणभर तो हसलाही बहुतेक. मग पुन्हा जमिनीकडे पाहिलं आणि हात जोएलेच्या मानेवरून काढून घेतला.

“फोन का उचलला नाहीस माझा?” जोएलेनं विचारलं. आता तेवढंच विचारायचं राहिलं होतं.

“उचलला असता तर परत ये म्हटलं असतं.” लोरिस दाराकडे वळला. “बस खाली थांबलीय. सगळी पोरं आलीत तुझी चौकशी करायला. मान ठीक आहे एवढंच मी सांगणार. बाकीचं माझं काम नाही.”

तो गेला. आई पर्स शोधत राहिली, मग ती आपल्याजवळ नाहीच हे तिच्या लक्षात आलं.

“मला त्यांच्याबरोबरच जायचंय,” ती म्हणाली. “उद्या कामावर जायचंय.” मग दाराशी थांबून, “तू फोनवर जेवलो म्हणतोस ना, तेव्हा मला मागून टीव्ही ऐकू येतो. पोरांबरोबर असलास तर टीव्ही कसा ऐकू येईल? मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.”

जोएलेनं खिडकीतून पाहिलं. खाली आवारात पोर्तेसिनेचा अख्खा संघ बसभोवती उभा होता, ओले केस, हातांत पिशव्या. लोरिस त्यांच्यात गेला, दोन शब्द बोलला. सगळ्यांनी वर पाहिलं आणि हात उंचावून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कुणीतरी शीळ घातली. खालच्या विभागात गेलेला संघ, आणि टाळ्या वाजवत होता.

जोएले मोज्यांवरच जिना उतरला. आई मागून आली.

ती सगळी पोरं पुढे झाली, कुणी पाठीवर थाप मारायला, कुणी गाल ओढायला. त्यानं हात पुढे करून त्यांना थांबवलं आणि सांगितलं. फार लांबवलं नाही. कोराडोचं नाव घेतलं नाही, सांगितलं एवढंच की मी खोटं खोटं पडलो, लोरिसनं काही केलं नाही, आणि रेटारेटीचा स्क्रम त्यामुळे थांबला.

पुढे झालेले हात खाली आले. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही चालू होता. मग त्यांचा चेंडूवाला, म्हणजे स्क्रममध्ये चेंडू टाकणारा, नेरियो, जोएलेबरोबर शाळेत एका बाकावर बसलेला, म्हणाला, “आम्ही जेवलोसुद्धा नाही.”

“काय?”

“सामन्यानंतरचं जेवण. तुझ्या क्लबनं मक्याचा पोलेंटा केला होता, सॉसेज केले होते. दोन्ही संघ टेबलाला बसले आणि कुणी चमचा उचलला नाही. तुझ्यामुळे. सगळं तसंच टाकून आलो.” तो जरा हसला, पण ते हसू कुणी उचलून धरलं नाही. “खाली गेलो ते गेलो, निदान गरम गरम खाऊन तरी आलो असतो.”

एकेक करून ते बसमध्ये चढले. जाताना कुणी त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. कुणीतरी आईची पर्स आणून तिच्या हातात दिली, तिच्याकडे न बघता. आईनं जोएलेच्या शर्टाची कॉलर नीट केली. तो खेळाचा शर्ट होता, तशी ती कॉलर नीट करण्यासारखी नव्हती. तरी तिनं केली आणि चढली.

येताना ती मागे बायकांबरोबर गाणी म्हणत आली असणार. आता पुढे, चालकामागच्या बाकावर, खिडकीशी एकटी बसलेली दिसली. बाकीचे तिच्या बाजूनं मागे जात राहिले. सगळ्यांत शेवटी लोरिस चढला. पायरीवर थांबला, मागच्या रिकाम्या जागांकडे बघितलं, आणि धपकन तिच्या शेजारी बसला. खिडकीतला तिचा खांदा जरा आत सरकला.

बस वळली. नदीच्या रस्त्याला लागली.

फोन वाजला. कोराडो. मागून गाण्याचा, ग्लासांचा आवाज. “जोएले! अरे, कसा आहेस? इथे सगळे विचारतायत. येतोस का? गाडी पाठवू?”

“मी सगळ्यांना सांगितलं,” जोएले म्हणाला.

“काय सांगितलंस?”

त्यानं सांगितलं. पलीकडे मागे गाणं चालू होतं.

“बरं,” कोराडो म्हणाला. “बरं, पोरा.” आणि फोन ठेवला.

पायांत बूट नव्हते, ते मैदानातच राहिले होते. जोएले आवाराच्या फाटकापर्यंत आला आणि तिथे त्याला कळेना की सिन्योरा इर्माच्या घराचा रस्ता डावीकडून आहे की उजवीकडून. गावाच्या या बाजूला तो कधी आलाच नव्हता. विचारण्यासारखं कुणी दिसेना. तो जरा वेळ थांबला, मग चढण ज्या बाजूला दिसली त्या बाजूला चालायला लागला.